बिल्जमधलं गोडं पाणी

बारा मीटर लांबीची शिडाची नौका, चार माणसं, कॅनरी बेटांपासून कॅरिबियनपर्यंत सुमारे २,७०० सागरी मैलांचा पल्ला, आणि वाटेत आमच्या नकळत समुद्रात गेलेलं सुमारे १३५ लिटर पिण्याचं पाणी. प्रकरण एवढंच. कोणाच्या जिवावर बेतलं नाही, मदतीसाठी कोणाला हाक मारावी लागली नाही. तरी सविस्तर लिहितोय. पाणी गळालं एका नळीतून, हे खरं. पण चार शहाणीसुरती माणसं एवढ्याशा जागेत दिवसरात्र राहत असताना ते कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही, याचं उत्तर नळीत सापडत नाही. ते आमच्या दिनक्रमात सापडतं.

आधी नौका आणि माणसं. नौका तीसेक वर्षांची, एका डोलकाठीची. मालक तोच कप्तान. त्याची बायको सहकप्तान. दोघांत मुरलेली खलाशी तीच, हे माझं मत. तिसरा चोविशीतला पोरगा, दोर चढण्यात पटाईत, उठण्यात आळशी. चौथा मी. वॉटरमेकर नव्हता. समुद्राचं पाणी ५५ बारच्या आसपास दाबाने पडद्यातून ढकलून गोडं करणारं हे यंत्र हल्ली बऱ्याच नौकांवर असतं, पण कप्तानाचं म्हणणं असं, की बिघडू शकेल अशा वस्तूच्या भरवशावर तहान ठेवायची नाही. म्हणून २०० लिटरच्या दोन टाक्या, शिवाय २० लिटरचे तीन कॅन. माणशी दिवसाला ३ लिटर धरले, म्हणजे चौघांचे १२. एकवीस दिवसांचे होतात २५२. जवळ होते ४६०. हिशोब चांगला सढळ होता. सढळ हिशोब रोज कोणी तपासत नाही, हे नंतर कळलं.

टाकीला मापक होता, पण नौका हेलकावत असताना त्याचा काटा पाऊण आणि पाव यांच्यामध्ये झोके घ्यायचा. तिसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे बघणं सोडून दिलं.

अटलांटिकमधला चक्रीवादळांचा मोसम अधिकृतरीत्या ३० नोव्हेंबरला संपतो. आम्ही नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी निघालो, आधी दक्षिणेकडे उतरलो आणि ईशान्य व्यापारी वारे लागल्यावर पश्चिमेला वळलो. हे वारे पंधरा-वीस नॉटचे, मागून येणारे, दिवसेंदिवस दिशा न बदलणारे. ऐकायला झकास वाटतं. पण वारा पाठीमागून असला की नौका एका कुशीवर टेकून चालत नाही. पाळण्यासारखी या कुशीवरून त्या कुशीवर जात राहते. मी एकदा मोजलं होतं, साधारण पाच सेकंदांनी एक हेलकावा. दिवसाला सतरा हजारांच्या वर झाले. या आकड्याकडे पुन्हा यायचंय.

दिवस कसा जायचा ते सांगतो. रात्री एकेकट्याचा तीन तासांचा वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी: नऊ ते बारा, बारा ते तीन, तीन ते सहा, सहा ते नऊ. दिवसा वॉच सैल. जो वर असेल त्याची नजर. सकाळी नऊनंतर कप्तान डेकवर फेरी मारायचा. रात्री येऊन पडलेले उडते मासे उचलून पाण्यात टाकायचे, कारण ऊन चढलं की वास सुटतो. मग दोर कुठे घासतोय ते बघायचं. डोलकाठीच्या टोकाशी शिडाचा दोर एकाच जागी कप्पीवर बसून घासत असतो. तो रोज हातभर सैल किंवा ताठ करायचा, म्हणजे घासणारी जागा बदलते. लांबच्या प्रवासात वादळापेक्षा जास्त नुकसान हे घासणं करतं. कप्तान ते जाणून होता आणि दोरावरून अशी बोटं फिरवायचा, जशी आजी तांदळातून खडे शोधताना फिरवते.

स्वयंपाकाची पाळी ज्याची, त्याने शेगडीसमोर पट्टा बांधून उभं राहायचं. शेगडी झुलती असते, त्यामुळे भांडं सपाट राहतं. तिरका होतो तो स्वयंपाकी. बटाटे किंवा भात शिजवताना एक भाग समुद्राचं पाणी आणि तीन भाग गोडं घालायचं, मीठ वेगळं लागत नाही. भांडी समुद्राच्याच पाण्याने घासायची. भांड्यांच्या पातळ साबणाला खाऱ्या पाण्यात फेस येतो, वडीच्या साबणाला येत नाही. अंघोळही बादलीने समुद्राची, आणि शेवटी अंगावरचं मीठ काढायला लिटरभर गोडं. त्या एका लिटरवर माणसाचा स्वभाव कळतो. सहकप्तान स्प्रेच्या बाटलीतून अर्ध्यातच भागवायची.

नवव्या दिवशी पोराने गोड्या पाण्याने केस धुतले. नळाखाली, सावकाश. सगळ्यांनी बघितलं, कोणी काही बोललं नाही. पाच लिटर गेले असतील. हेही पुढे येणार आहे.

संध्याकाळचं जेवण मात्र चौघांनी कॉकपिटमध्ये, म्हणजे डेकवर सुकाणूजवळच्या बसायच्या जागेत, एकत्र करायचं, हा नियम होता. दिवसभरातली ती एकच वेळ, जेव्हा चौघंही जागे आणि एका जागी असायचे. गप्पा भरपूर व्हायच्या: आज किती मैल झाले, डोराडो मासा गळाला लागता लागता कसा सुटला, घड्याळ कधी मागे घ्यायचं. रेखावृत्ताचे १५ अंश ओलांडले की एक तास. या प्रवासात तीन-चार तास मागे घ्यावे लागतात, आणि तो जास्तीचा तास कोणाच्या वॉचमध्ये पडणार यावर गंमतीची भांडणं. नौकेबद्दल मात्र जेवताना बोलणं होत नसे. ते वॉच बदलताना व्हायचं, अशी आमची समजूत होती.

पहिल्या तीन-चार रात्री तसं होतही होतं. नवा माणूस वर आला की जुना दहा-पंधरा मिनिटं थांबायचा. वारा असा, उजवीकडे एक जहाज गेलं, स्वयंचलित सुकाणू मध्येच कुरकुरतं, चहा थर्मासमध्ये आहे. पाचव्या-सहाव्या दिवशी शरीराला झोपेची तुकड्यातुकड्यांची सवय लागली. त्याबरोबर बोलणंही तुकड्यांवर आलं. आठव्या रात्रीचा निरोप मला शब्दशः आठवतो. कप्तान जिन्यातून वर आला, मी म्हणालो, "सगळं ठीक." तो म्हणाला, "जा, झोप." चार शब्दांत नौका हवाली केली. त्या वेळी वाटलं, आता आपण मुरलो.

आता आवाज.

नळ सोडला की टाकीजवळचा प्रेशर पंप आपोआप चालू होतो, बंद केला की नळीत दाब भरून थांबतो. घर्र असा आवाज, फार मोठा नाही. कोणी नळ न सोडताच पंप मधूनच दोन सेकंद घर्र करून थांबला, तर त्याचा अर्थ एकच: नळीतला दाब कुठेतरी उतरतोय. हे आम्हां चौघांनाही माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर चौघांनी बरोबर लिहिलं असतं.

पण रात्री कॉकपिटमध्ये बसलेल्याला तो आवाज ऐकू येतो तेव्हा खाली तीन माणसं असतात. कोणीतरी उठून पाणी प्यायलं असेल. आणि खाली झोपलेल्याला ऐकू येतो तेव्हा वरचा माणूस चहा करत असेल. चौघांपैकी प्रत्येकाकडे तो आवाज दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर टाकायची सोय होती. एकट्याने सागर ओलांडणाऱ्याच्या नौकेवर हे प्रकरण पहिल्याच रात्री संपलं असतं. नळ सोडणारं दुसरं कोणी नाही म्हटल्यावर दचकून उठला असता.

समुद्रावरची टक्कर टाळण्यासाठीचे १९७२चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यातला पाचवा नियम सांगतो, की प्रत्येक जहाजाने सदासर्वकाळ डोळ्यांनी आणि कानांनी नीट टेहळणी ठेवली पाहिजे. आम्ही ठेवत होतो. दर दहा-बारा मिनिटांनी उठून क्षितिजावरून पूर्ण चक्कर नजर फिरवायची, एआयएस या आसपासची जहाजं दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर जहाज दिसतंय का बघायचं, मागून पावसाळी ढग चढतोय का याचा अंदाज घ्यायचा. डोळे बाहेर, कानही बाहेर. आतलं काही ऐकायचं असतं, हे नियमात नाही आणि आमच्या डोक्यातही नव्हतं.

बाराव्या दिवशी संध्याकाळी नळातून पाण्याऐवजी हवा फुसफुसली. पहिली टाकी संपली होती. दिवसाला १२ लिटरने ती सोळा दिवस पुरायला हवी होती.

इथे जे झालं ते मी या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक मानतो, नळीच्या छिद्रापेक्षाही मोठी. कप्तानाने क्षणभर विचार केला आणि पोराकडे बघितलं. मीही बघितलं. त्या केसांनी आम्हां सगळ्यांना तयार उत्तर देऊन ठेवलं होतं. "तुला रोज सांगायचं का, इथे नळाला पाणी कुठून येतं ते?" कप्तान म्हणाला. पोरगा म्हणाला, एकदाच धुतले. कप्तान म्हणाला, एकदाच पकडला गेलास. मग जेवण गप्प झालं. कमी पडत होते साठेक लिटर, केसांना लागले पाच; ही वजाबाकी कोणी केली नाही. राग आला की माणूस हिशोब करायचा थांबतो, आणि हिशोब बंद पडल्याचं त्याला जाणवतही नाही, कारण उत्तर मिळालेलं असतं.

दुसऱ्या टाकीची तोटी उघडली गेली. दोन टाक्या ठेवण्यामागचा सगळा विचार असा, की एक फुटली किंवा खराब झाली तर दुसरी शाबूत. पण टाकीच्या पुढे पंप एकच आणि नळीही एकच. गळती टाकीत नव्हती. आम्ही दुसरा साठाही त्याच छिद्राला जोडून दिला.

पुढचे छत्तीस तास पोरगा पाणी पिताना पेला सगळ्यांना दिसेल असा धरायचा. चारजणांच्या नौकेत असा अबोला फार जागा घेतो. त्यामुळे वॉच बदलतानाचे उरलेसुरले शब्दही गेले. तो वर यायचा, मी खाली जायचो.

चौदाव्या दिवसाची रात्र, बारा ते तीनचा वॉच माझा. वारा पडत चालला होता, पाणी शांत, आणि पहिल्यांदाच आतला आवाज स्पष्ट ऐकू येत होता. घर्र. थोड्या वेळाने पुन्हा घर्र. मला राग आला, खरं सांगतो. वाटलं, पोरगा मुद्दाम करतोय. रागानेच मोजायला लागलो. तीन तासांत सतरा वेळा. तीन वाजता सहकप्तान वर आली. मी झाला प्रकार सांगितला, "खाली कोणीतरी रात्रभर नळ सोडतंय."

ती जॅकेटची चेन लावता लावता थांबली. "मला वाटलं तूच चहा करतोयस."

मी तासाभरात जागचा हललो नव्हतो. दोघंही काही बोललो नाही. ती तशीच मागे फिरून खाली उतरली, कपाळावरचा लाल दिवा लावला, जिन्याखालची फळी उचलली. बिल्ज म्हणजे नौकेच्या पोटातली सर्वांत खोल जागा. आतलं सगळं सांडलेलं, झिरपलेलं तिथे जमतं, आणि पातळी वाढली की तिथला पंप आपोआप ते बाहेर फेकतो. वितभर पाणी होतं. तिने त्यात बोट बुडवलं आणि चाटलं. तोंड वाकडं केलं, डिझेलची चव असणारच. मग पुन्हा एकदा बुडवलं, पुन्हा चाटलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "गोडं आहे."

बिल्जमध्ये खारं पाणी सापडलं तर समुद्र आत येतोय. गोडं सापडलं तर आपलं बाहेर जातंय. या तपासाला जिभेशिवाय दुसरं साधन लागत नाही.

तिने आधी प्रेशर पंपाचं बटण बंद केलं, मग सगळ्यांना उठवलं. क्रम बरोबर होता. टाकीच्या झाकणातून काठी घालून मोजलं: ११० लिटर. दीड दिवसात ९० गेले होते, त्यातले आम्ही वापरलेले जेमतेम अठरा-वीस. पंप मिनिटाला दहाएक लिटर ढकलतो. दोन सेकंदांचे झाले पाव ते अर्धा लिटर, दर दहा मिनिटांनी. गणित जुळलं. तासाला दोन लिटर.

छिद्र शोधायला उजाडावं लागलं. गिझरकडे जाणारी नळी लाकडी आडव्या भिंतीतल्या भोकातून जात होती. भोकाची कड तशीच कापलेली, धारदार. नळीला तिथे बोटभर मोकळीक, म्हणजे प्रत्येक हेलकाव्याबरोबर ती कडेवर पुढे-मागे. दिवसाला सतरा हजार वेळा. नळीवर नखाएवढी सपाट, चकचकीत जागा झाली होती आणि तिच्या मधोमध केसाएवढी चीर. दाब नसताना थेंबही येईना. पंप चालू केला की फवारा सुटायचा आणि तो भिंतीवरून ओघळून थेट बिल्जमध्ये. वाटेत कपड्यांचा कप्पा होता, त्यातले कपडे दमट लागत होते. पण समुद्रावर दमट नाही असं काय असतं?

दुरुस्ती सोपी होती. घासलेला तुकडा कापला, मध्ये जोडनळी घालून दोन्हीकडे दोन-दोन पट्ट्या आवळल्या, कडेवर जुन्या नळीचा उभा चिरलेला तुकडा बसवला. तरीही प्रेशर पंप पुन्हा लावला नाही. पुढचं सगळं पाणी पायाने दाबायच्या पंपाने काढलं. तो जेवढा दाबाल तेवढंच देतो.

त्या सकाळी कप्तानाने लॉगबुक उघडलं, गळती कधी सुरू झाली याचा अंदाज घ्यायला. आमच्या लॉगमध्ये दर तीन तासांनी स्थान, दिशा, वेग, वायुदाब, बॅटरीचा व्होल्टेज लिहायचे. पाण्याचा रकानाच नव्हता. व्होल्टेजमध्येही काही सापडलं नाही. दोन सेकंदांच्या पंपाने बॅटरीला काय होणार? पण शेवटी 'इतर' असा एक अरुंद रकाना होता. सातव्या रात्री, नऊ ते बाराच्या ओळीत, पोराच्या गिचमिड अक्षरात दोन नोंदी होत्या. एक, सरगॅसमचं शेवाळ सुकाणूला अडकलं, काढलं. दुसरी: "पंप आपोआप? २ वेळा."

त्या पानावर नंतर आम्ही तिघांनीही आपापल्या ओळी लिहिल्या होत्या. वरची ओळ कोणी वाचली नव्हती.

कप्तानाने ते वही फिरवून पोराला दाखवलं, आणि त्याला म्हणाला, "चुकलं माझं." पोरगा म्हणाला, केस धुतले ते पण खरंय. तिथे ते मिटलं. मी मात्र माफी मागितली नाही, कारण मी मोठ्याने काही बोललोच नव्हतो. हे सोयीचं होतं आणि अजून खुपतं.

आता परिस्थिती किती बिकट होती, याबद्दल नीट बोलायला हवं, कारण अशा गोष्टी सांगताना फुगतात. चौदाव्या दिवशी टाकीत ११०, कॅनमध्ये ६०, आणि समोर साधारण ९५० मैल. नेहमीच्या वाऱ्यात सात-आठ दिवस. रोजचे १२ लिटर चालू ठेवले असते तरी भागलं असतं. पण वारा मेला होता आणि दिवसाला १३५ मैलांऐवजी नव्वद-शंभर पडत होते. गळती आणखी दोन दिवस कळली नसती तर टाकीत काही उरलं नसतं, आणि साठ लिटरवर चौघांना आठ दिवस काढावे लागले असते. तेही जमतं, पण मग प्रत्येक घोट मोजावा लागतो. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने १९६८-६९ साली एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, ३१२ दिवसांची. त्याच्या टाक्यांमधलं पाणी सुरुवातीच्या काही महिन्यांतच खराब झालं, आणि तो शिडावरून ओघळणारं पावसाचं पाणी धरत पुढे गेला. त्याच्यापुढे आमचं म्हणजे नळाला पाणी न येण्यासारखं.

तरी वापर दिवसाला नऊ लिटरवर आणला आणि कॅनना हात लावायचा नाही असं ठरलं. सतराव्या दिवशी पहाटे पावसाची सर आली. बूमचं, म्हणजे मुख्य शिडाच्या तळाच्या आडव्या काठीचं, मागचं टोक दोराने वर उचललं, म्हणजे मुख्य शिडावरचं पाणी पुढे डोलकाठीकडे ओघळतं. तिथे बादली लावायची. पहिली पाच मिनिटं येतं ते शिडावर साचलेलं मीठ. चाखत राहायचं. सहकप्तान बादलीत बोट बुडवून "खारं, खारं, अजून खारं" म्हणत होती आणि पोरगा पावसात उभा राहून केस धूत होता. वीसेक लिटर धरलं तोवर सर निघून गेली.

वॉच बदलतानाचा रिवाज बदलला, पण फार नाही. कप्तानाला लांबलचक तपासणी-यादी करायची होती. सहकप्तानाने हाणून पाडली. पेंगुळलेला माणूस यादीवर डोळे मिटून खुणा करतो, असं तिचं म्हणणं. तिने एकच प्रश्न ठेवला: "काय ऐकलंस?" उत्तर 'काही नाही' चालणार नाही. त्यामुळे रोज रात्री काहीतरी सांगावंच लागायचं, आणि सांगायचं म्हणून ऐकावं लागायचं. कप्पीची करकर, शेगडीखाली घरंगळणारा कांदा, सुकाणूच्या दांड्याची टकटक. त्या टकटकीने एक सैल झालेला बोल्ट सापडला. कांदा तीन रात्री सापडला नाही. आणि सकाळी नऊच्या फेरीत कप्तान डेकवर जायच्या आधी टाकीत काठी घालायला लागला. लॉगमध्ये उभी रेघ मारून पाण्याचा रकाना आला.

चोविसाव्या दिवशी सकाळी पोहोचलो. टाकीत चाळीस लिटरच्या आसपास, तिन्ही कॅन न उघडलेले.

नांगर टाकल्यावर दुसऱ्या दिवशी कप्तान आणि मी गिझरची नळी अख्खी बदलायला बसलो आणि भिंतीतल्या भोकाला रबरी कड बसवली. एवीतेवी फळ्या उघडल्याच होत्या, म्हणून बाकीच्या भोकांतूनही बोट फिरवत गेलो. आणखी तीन ठिकाणी कड नव्हती. दोन भोकांतून वायरी जात होत्या. तिसऱ्यातून शेगडीच्या गॅसची नळी जात होती, आणि तिच्यावर नखाएवढी चकचकीत सपाट जागा होती.